एक प्रवासी, एक पिशवी

रविवार, ९ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. आत्ता तोंडात नुसत्या शिव्या येताहेत, त्यात मिसळला तर तोही नासेल.

काल फोनवर तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि ठेवून दिलास. तुझं ते "बरं" मी तू फ्रॉक घालायचीस तेव्हापासून ओळखते. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून महत्त्वाचं सगळं पत्रातच लिहायचं असं आपलं ठरलंय. तेव्हा आधी नीट बसून वाच, मग काय बोलायचं ते बोल.

घरातून मी वेळेवर निघाले, ह्यांना विचार हवं तर. तुझ्या टोपाचा गोल डबा मांडीवर घट्ट धरून टॅक्सीत बसले होते. ड्रायव्हरने विचारलं, "वाढदिवस का?" म्हटलं, "नाही, माझ्या बहिणीचे केस आहेत." मग तो बिचारा विमानतळापर्यंत आरशातून डब्याकडेच बघत होता.

स्वस्तातल्या विमानात बसायचं तर आपण माणूस आहोत हे घरी विसरून यायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एवढा मोठा हॉल, ढीगभर खिडक्या, आणि उघडी एकच. जमिनीवर कोणीतरी सरबत सांडलेलं, त्यावरून सगळ्यांच्या चपला चिकट आवाज करत पुढे सरकताहेत. एका आजोबांनी बसायला खुर्ची मागितली तर खिडकीतली मुलगी म्हणाली, "बसायची सोय वरच्या वर्गाच्या तिकिटात आहे." अगं, खुर्चीत बसायचा वर्ग! मला तिथेच शिसारी आली.

माझी पाळी आली. त्यांच्याकडे एक लोखंडी सांगाडा असतो, पिशवी त्यात बसली पाहिजे. माझी बसली. मग तिचं लक्ष डब्याकडे गेलं. "एक प्रवासी, एक पिशवी. डबा खाली सामानात जाईल." काचेतून मी बघत होते, खाली सामान कसं जातं ते. लोक बॅगा अशा भिरकावत होते की जणू बॅगांनीच त्यांचं काही वाईट केलंय. मी काकुळतीला येऊन सांगितलं की आत केसांचा टोप आहे, दबला तर संपला. ती म्हणाली, "टोप डोक्यावर घातला तर तो सामानात धरत नाही, मॅडम." चेष्टेत म्हणाली असेल. मी मनावर घेतलं.

बाथरूममध्ये गेले. आयुष्यभर केसांत हात घालून जगलेली मी, पण त्या बेसिनमधले केस पाहून हात मागे घेतला. तिथेच, कोपराने नळ बंद करत, मी तुझा टोप डोक्यावर चढवला. आणि चिकटवला.

आता तू म्हणशील, नुसता ठेवायचास, चिकटवलास कशाला? अगं, इतकी वर्षं मी थिएटरात नटनट्यांच्या कपाळावर टोप बसवतेय. ढिला टोप घालून चारचौघांतून चालणं म्हणजे मला भर रस्त्यात कपडे बदलल्यासारखं वाटतं. हात आपोआप चालले. किनारीला गोंद, वरून ओलं फडकं, कानापाशी दोन ठिपके. मी भानावर आले तेव्हा तो वाळलाही होता. पण बसला होता सुरेख, हे तुला सांगते. टोप ठेवायचं लाकडी डोकं पिशवीत कोंबलं, त्यासाठी आतले दोन्ही स्वेटर अंगात चढवले, आणि रिकामा डबा कचऱ्याच्या टोपलीवर ठेवून निघाले.

तपासणीत त्यांनी लाकडी डोकं बाहेर काढलं. तिघांनी ते आळीपाळीने ठोकून पाहिलं. मग गोंद सोडवायच्या स्पिरिटची बाटली उचलली. पेट घेणारी वस्तू म्हणून पिंपात टाकून दिली. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पुढे ताटकळणं. विमान उशिरा, किती उशिरा ते कोणी सांगत नाही, दर थोड्या वेळाने दरवाजा बदलतो आणि सगळी वरात इकडून तिकडे पळते. शेवटी रांग लागली. ओळखपत्रावरच्या फोटोत मी कशी आहे तुला माहीत आहे, पिकलेले, पोरासारखे बारीक कापलेले केस. आणि पुढ्यात उभी कोण, तर खांद्यापर्यंत तपकिरी केस सोडलेली, दोन स्वेटरांत घामाने निथळणारी बाई.

"काढून दाखवा," दारावरची मुलगी म्हणाली.

"चिकटवलाय."

"मग सोडवा."

"सोडवायचं औषध तुमच्याच लोकांनी मघाशी काढून घेतलं."

"ते आमचे लोक नाहीत, मॅडम. ते तपासणीचे."

मग टाय लावलेला एक साहेब आला. माझ्याकडे न बघता माझ्या कपाळाकडे बघून म्हणाला, "ओढा ना जरा." जरा! कोरडा ओढला की कपाळावरची जाळी चरचर फाटते, आणि ती जाळी म्हणजे माझा अख्खा हिवाळा आहे, भिंगरे. एकेक केस बारीक आकडीने ओढून गाठ मारून बसवलाय, तुझा भांग पडतो तसाच भांग. मागे रांगेतले लोक चुकचुकत होते. एकाने तर मोबाइल काढून माझा फोटो घेतला. साहेब म्हणाला, "टोप काढता की विमान जाऊ देता?"

मी नाही ओढला. तुझी वस्तू होती, माझ्या हाताने कशी फाडू?

विमान गेलं. तिकिटाचं काय म्हणून विचारलं, तर त्या मुलीने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. त्यावर लिहिलं होतं, "प्रवासी आला नाही." मी तिच्यासमोर उभी, आणि मी आले नाही!

तू शनिवारी ये, सोमवारपर्यंत राहा म्हणाली होतीस. उपचार संपून सोमवारी तू पहिल्यांदा कामावर जाणार, ड्रायव्हिंग शिकवायला पुन्हा गाडीत बसणार, आणि टोप इथे माझ्या टेबलावर. नुसता संताप होतोय. तूर्त डोक्याला रुमाल बांधून जा. किनारीचा गोंद साफ करून टोप कुरिअरने पाठवते.

आशीर्वाद. जेवत जा.

तुझी ताई

शुक्रवार, १४ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून हसले. खरंच हसले. दोन स्वेटर घातलेली तू डोळ्यांपुढून हलत नाहीयेस.

मी शनिवारी विमानतळावर आले होते. ड्रायव्हिंग शाळेचीच गाडी आणली होती, छतावर "शिकाऊ" पाटीसकट, तुला लांबून दिसावी म्हणून. सगळी माणसं बाहेर आली. मग विमानातल्या मुली चाकांच्या बॅगा ओढत आल्या. मग झाडूवाल्यांची गाडी आत गेली. तुझा फोन त्यानंतर आला. त्यामुळे "बरं" याहून जास्त काही सुचलं नाही, त्याचा राग मानू नकोस.

सोमवारी मी कामावर गेले नाही, दुसरं एक काम निघालं. मंगळवारपासून जातेय. रुमाल बांधते. एक निवृत्त दातांचे डॉक्टर शिकायला येतात, ते वळताना डोळे मिटून घेतात. त्यांना रस्ता दिसत नाही, माझं डोकं कुठून दिसणार? आमच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो म्हणून मी तुला हे पत्र लिहू शकतेय. दमायला होतं, पण घरी बसण्यापेक्षा बरं.

टोपाची घाई नाही गं. घाई नाही म्हणजे अजिबात नाही. पण तुला पुढच्या शनिवारी यायला जमतंय का बघ. टोप तयार नसला तरी चालेल. दोन दिवस ये. वरच्या खोलीत तुझं अंथरूण घातलेलंच आहे, मी काढलेलं नाही.

लगेच कळव. ह्या वेळी पत्र लिहीत बसू नको, भांडण झालं तरी चालेल, फोन कर.

भिंगरी

शुक्रवार, २१ मार्च

भिंगरे,

फोन केला नाही, कारण ह्या आठवड्यात कोणी माझ्या तोंडी लागावं अशी मी राहिलेली नाही. ह्यांनी तर जेवायचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत बसायला सुरुवात केलीय.

आधी चांगली बातमी. टोप काल कुरिअरने रवाना केला. किनार पुन्हा नवीकोरी केलीय. घातल्यावर आरशात बघून मला फोटो पाठव. धुताना चोळायचा नाही, नुसता बुडवून काढायचा, आणि गाडीच्या खिडक्या उघड्या असतील तर कानापाशी थोडा गोंद लाव. स्पिरिटही पाठवलंय, ते मात्र घराबाहेर नेऊ नकोस, माझ्यासारखं होईल.

आता त्या कंपनीचं ऐक. मी त्यांना पाच पानी तक्रार लिहिली. जाळी म्हणजे काय, गाठ म्हणजे काय, कोरडा टोप ओढला तर काय होतं, सगळं समजावून. त्यांचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते, कारण माझ्या शब्दांत सांगितलं तर तू खोटं म्हणशील:

"प्रिय प्रवासी, आमच्यासोबतचा आपला आनंददायी प्रवास कसा झाला हे कळवल्याबद्दल आभार. प्रवासात आपल्या केसाळ सोबत्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पाळीव प्राण्यांना विमानात प्रवेश नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे. आपल्यासारखा प्रवासी आमच्यासाठी मोलाचा आहे. पुढील प्रवासात आपल्याला एक थंड पेय मोफत मिळेल."

केसाळ सोबती! माझा हिवाळाभराचा जीव आणि त्यांना ते मांजर वाटलं. कोणी वाचलंच नाही गं. पाच पानं लिहिली आणि पलीकडे वाचणारं माणूसच नाही. एखाद्याने भांडावं, खोटं बोलावं, तोंडावर दार आपटावं, मला चालतं. पण हे गोडगोड, पुसट, कुणाचंच नसलेलं बोलणं अंगावर आलं की आंघोळ करावीशी वाटते. मी दुसरी तक्रार लिहितेय, आता नऊ पानी. त्या कंपनीला सोडणार नाही.

तू पुढच्या शनिवारी ये म्हणतेस. म्हणजे उद्याच की. अगं, त्या विमानात मी मेले तरी पाय ठेवणार नाही, आणि तुमच्या गावाला दुसरं विमान जात नाही. रेल्वेने यायचं तर माझ्या कंबरेचे तुकडे होतील. शिवाय थिएटरात नवं नाटक उभं राहतंय, सगळी पात्रं दरबारातली, म्हणजे जितकी डोकी तितके टोप. आणि तू मंगळवारपासून कामावरही जायला लागलीस, म्हणजे गाडी रुळावर आलीच आहे. टोप पोचला की माझी तिथे गरज ती काय उरणार?

उन्हाळ्यात येते निवांत. फोटो विसरू नकोस.

तुझी ताई

रविवार, ३० मार्च

ताई,

टोप मिळाला. तुझ्या हाताला तोड नाही. भांग माझाच आहे, उजवीकडे जरा वाकडा जातो तोसुद्धा. आरशासमोर घालून बसले आणि रडले. फोटो काढला नाही.

आता मी सांगते ते वाच.

त्या सोमवारी मी दवाखान्यात गेले होते. उपचारांनंतरच्या तपासण्यांचा निकाल होता. सोमवारपर्यंत राहा म्हणाले ते त्यासाठी. मी कामावर जाणार हे तू तुझं ठरवलंस, मी नाही म्हटलं नाही. खरं सांगितलं असतं तर तू इथे पोचेपर्यंत रडून अर्धी झाली असतीस आणि मलाच तुला सांभाळत बसावं लागलं असतं. म्हटलं, आल्यावर सांगू.

डॉक्टरांच्या टेबलापुढे दोन खुर्च्या असतात. त्यांनी विचारलं, "सोबत कोण आलंय?" मी म्हटलं, येतेय. का म्हटलं, माहीत नाही. त्यांनी दाराकडे बघितलं. मग मी माझी पर्स दुसऱ्या खुर्चीवर ठेवली आणि म्हटलं, सांगा. पुन्हा दिसतंय, म्हणाले. लहान आहे, पण आहे.

बाहेर येऊन गाडीत माझ्या नेहमीच्या जागी बसले. शिकवणाऱ्याच्या. पट्टा लावला आणि वाट बघत राहिले, कोणीतरी शेजारी येऊन बसेल आणि गाडी चालू करेल म्हणून. बराच वेळ बसले होते, ताई. मग मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा लक्षात आलं की आज शिकाऊ कोणी नाही, मलाच पलीकडे जाऊन चालवायचीय.

हे तुला चौदा तारखेच्या पत्रातच लिहिणार होते. पण तू विमानावर इतकी चिडली होतीस की मध्ये कुठे घालू कळेना.

राग येईल, पण लिहिते. सगळे उपचार झाले, तू एकदाही आली नाहीस. दर वेळी टोपाचं काम चाललंय म्हणालीस. माझ्या डोक्याचं माप मीच घेऊन तुला कळवलं. टक्कल पडलेल्या डोक्यावर एकटीने मागून फीत धरता येत नाही, निसटते. शेजारच्या बाईंना बोलावलं, त्यांनी धरली. मला तेव्हा वाटलं होतं की हे तुझं काम आहे.

आणि त्या दारावर तुला विचारलं, टोप की विमान. तू टोप वाचवलास. तुझं ते पत्र मी परत काढून वाचलं आणि मला किळस आली. कंपनीची नाही. ओढून फाडला असतास तर? मी तुला फाटका टोप डोक्यावर घेऊन, कपाळ सोललेली अशी दारातून येताना बघितलं असतं आणि इतकी हसले असते की सोमवारही निभावून गेला असता. संगणकावर त्यांनी लिहिलं की प्रवासी आला नाही. तेवढं एकच ते खरं बोलले.

नवे उपचार सात तारखेला, सोमवारी सुरू होताहेत. ह्या वेळचे जास्त कडक आहेत.

यायचं नसेल तर तसं सरळ लिही. मी मोडून पडणार नाही. पण विमानाबद्दल एक अक्षरही लिहू नकोस.

भिंगरी

शनिवार, ५ एप्रिल
विमानातून

भिंगरे,

विमानाबद्दल लिहू नकोस म्हणालीस, पण मी त्यातच बसलेय. हे पत्र टपालात टाकणार नाही, हातात देईन. फोन केला नाही. फोनवर मी येते म्हणाले असते आणि तू "बरं" म्हणाली असतीस.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीनदा बसले. तिन्ही वेळा दोन ओळी तुझ्या झाल्या की लेखणी आपोआप कंपनीवर घसरायची. तिसऱ्यांदा माझं मलाच हे दिसलं. नऊ पानी तक्रारीसकट सगळे कागद फाडले आणि तिकीट काढलं, त्यांचंच. तू लिहिलंस त्यात एक शब्द इकडचा तिकडे नाही.

थिएटरच्या व्यवस्थापकाला सांगितलं, दरबाराचे टोप दुसऱ्याकडून करून घ्या. त्याने कारण विचारलं, मी दिलं नाही. ह्यांना सांगितलं, कधी येणार विचारू नका. ते म्हणाले, "मी विचारलंच नाही," आणि माझा चष्मा पुसून दिला.

विमान मात्र आहे तसंच आहे, म्हणजे ओंगळ. सगळ्यात मागची, मधली खुर्ची. पाठ मागे जात नाही, गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीत. समोरच्या कप्प्यात कोणीतरी चघळून चिकटवलेला गोळा आहे, त्यावर माझं बोट पडलं. संडासाचा वास दर वेळी दार उघडलं की आपल्या तोंडावर येतो, आणि त्याच वाटेने एक मुलगी अत्तराच्या बाटल्या विकत फिरतेय. पदरात तोंड लपवून बसलेय आणि जागची हलणार नाहीये.

एक गोष्ट आत्ताच लिहून टाकते, तिथे तोंडातून निघणार नाही. मला तुझं डोकं बघायची भीती वाटायची. अजून वाटतेय. टोप करत बसले की तुझं डोकं डोळ्यांपुढे यायचं ते केसांसकट यायचं. तू मला घ्यायला आली असशील तर टोप काढून ठेव. रुमालही नको. मला बघू दे आणि रडले तर रडू दे, तू काही सांभाळू नकोस. पुढची सगळी मापं मी घेईन.

उतरलं विमान. चाकं टेकल्यावर सगळे उठून उभे राहिलेत आणि जिनाच आलेला नाही. दार बंद, हवा बंद, कोणी काही सांगत नाही. आता कुठे दार उघडलं, तर माझ्या शेजारचा धिप्पाड गृहस्थ रस्ता अडवून बसलाय, मोबाइलमध्ये डोकं घालून. सगळे गेल्यावर निघू, म्हणतो. एरवी मी त्याचा असा पाणउतारा केला असता की बास. पण मी म्हटलं, "मला आधी जाऊ द्या. माझी बहीण आजारी आहे."

भिंगरे, हे वाक्य मी आजवर कोणापुढे मोठ्याने बोलले नव्हते. ह्यांच्यापुढेही नाही.

तो उठून उभा राहिलाय. येते.